धुवायची उशी, पिंजायची उशी

उशीचा अभ्रा आपण आठवड्या-पंधरवड्याने काढतो, भिजवतो, घासतो, परड्यात वाळत घालतो. आतली उशी तोवर गादीच्या कोपऱ्यात पडून असते आणि संध्याकाळी तिच्यावर पुन्हा धुतलेला अभ्रा चढतो. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात कुणालाही विचारून पाहा, "उशी कधी धुतली होती?" बहुतेक ठिकाणी उलटा प्रश्न येईल, "उशी धुतात व्हय?" असं विचारणारी बाई अडाणी नसते. तिच्या आईने आणि सासूने तिला जे शिकवलं ते बरोबरच होतं, कारण कापसाची उशी खरोखरच धुवायची नसते. पण आता बहुतेक घरांत डोक्याखाली कापूस राहिलेला नाही. उशी बदलली आणि तिच्या निगेची रीत मात्र कापसाचीच राहिली. त्यातही अर्धीच, कारण उरलेली अर्धी रीत ज्याच्या हातात होती तो पिंजारी दारावरून नाहीसा झाला. अंथरूण-पांघरुणाच्या निगेवरच्या या छोट्या पुस्तकाची गरज मला इथे दिसते.

जुनी रीत आधी नीट समजून घ्यायला हवी. आपल्या भागात वर्षातून एकदा घरातलं सगळं अंथरूण बाहेर निघायचं. ते दिवस भाद्रपदाच्या शेवटचे, घटस्थापनेच्या आधीचे. दसऱ्याची धुणी म्हणून ते ओळखले जात आणि गावोगाव अजूनही ओळखले जातात. वाकळा, चादरी, जाजमं, सतरंज्या, घोंगडी, सगळं बैलगाडीत घालून बायका-माणसं नदीवर जात. निपाणीकडची वेदगंगा-दूधगंगेवर, संकेश्वरची हिरण्यकेशीवर, बेळगावच्या उत्तरेकडच्या गावांतली मार्कंडेयवर. कानडी घरांतल्या कौद्या आणि मराठी घरांतल्या वाकळा एकाच दगडावर आपटल्या जात. या धुण्याला देवीच्या नवरात्राचं निमित्त असे, पण दिवसांची निवड फार शहाणी होती. पाऊस ओसरलेला, नदीचा गढूळपणा खाली बसलेला, ऊन पुन्हा कडक होऊ लागलेलं. चार महिने दमट हवेत पडलेल्या अंथरुणात बुरशी आणि किडे सर्वाधिक वाढलेले असतात ते नेमके याच वेळी.

या गाडीत उशी नसायची. तिची खोळ उसवून तेवढी नदीवर न्यायची आणि आतला कापूस अंगणात जुन्या धोतरावर पसरून उन्हाला टाकायचा. दोन-तीन उन्हं खाल्ली की तो पिंजायला द्यायचा. पिंजून आलेला कापूस धुतलेल्या खोळीत भरायचा, तोंड शिवायचं आणि वर अभ्रा चढवायचा. खोळ मांजरपाटाची किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या जाड घट्ट विणीच्या कापडाची असे, म्हणजे कापूस बाहेर येत नसे आणि घाम लगेच आत जात नसे. उशीची खरी धुलाई ती हीच. पाणी खोळीला, ऊन कापसाला, आणि धूळ काढण्याचं काम पिंजाऱ्याकडे.

कापूस पाण्यात का घालायचा नाही, याचं कारण त्याच्या तंतूत आहे. बोंड उकलून वाळताना कापसाच्या तंतूला नैसर्गिक पीळ पडतो. या पिळामुळेच त्याचं सूत निघतं आणि याच पिळामुळे ओला कापूस दाबला गेला की तंतू एकमेकांत अडकून गोळे होतात. शिवाय कापूस पाणी भरपूर पितो. बाहेरून उशी कोरडी लागली तरी आतला गाभा दिवसेंदिवस ओला राहतो, आणि मग कुबट वास येऊ लागतो. त्या वासाचा अर्थ आत बुरशी धरली आहे. तेव्हा कापसाची उशी चुकून भिजली, पोराने ओली केली किंवा आजाऱ्याची उलटी आत झिरपली, तर ती अखंड वाळवत बसू नये. खोळ उसवावी, खराब झालेला कापूस वेगळा करावा, तेवढाच कोमट साबणपाण्यात दाबून धुवावा, पिळू नये, पातळ पसरून वर विरळ फडकं टाकून वाळवावा आणि पिंजून मगच परत भरावा. काम वेळखाऊ आहे, पण उशी वाचते.

पिंजाऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. सीमाभागात नदाफ आणि पिंजारी ही दोन्ही आडनावं सर्रास आढळतात. खांद्यावर माणसाहून उंच धनुष्य, त्याला ताणून बांधलेली तात आणि हातात लाकडी ठोका. ठोक्याने तात छेडली की ती कापसात शिरून थरथरते. त्या थरथरीने तंतू सुटे होऊन वर उडतात, वजनदार कचरा, माती आणि बियांची टरफलं खाली गळतात. तात वाजू लागली की गल्लीतल्या बायका गाद्या-उशा बाहेर काढत. आज हे काम यंत्र करतं. गादीवाल्याच्या दुकानात ते बसवलेलं असतं, काही ठिकाणी टेम्पोवर घालून फिरवतात. धनुष्याच्या मानाने ते फार लवकर पिंजतं, फक्त जुना कमकुवत तंतू तोडतंही जास्त. म्हणून उशी यंत्रावर द्यायची तर कापूस आधी उन्हात खडखडीत वाळवून द्यावा, आणि कमी पडेल तेवढा नवा कापूस त्यात मिसळून घ्यावा.

या कामाची किंमत पिंजाऱ्याने स्वतःच्या छातीने मोजली, हेही इथे नोंदवलं पाहिजे. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की श्वासनलिका आकसतात, छाती आवळल्यासारखी होते आणि दम लागतो. कापड गिरण्यांतल्या कामगारांत हा आजार बिसिनोसिस या नावाने ओळखला जातो. घरोघरच्या उशांतली सालभराची धूळ पिंजारी तोंडाला साधं फडकं बांधून गिळत होता. आज कुणी पिंजायला येणार असेल तर त्याला उघड्यावर, वाऱ्याच्या पाठीला जागा करून द्या आणि मास्क पुढे करा. एवढं आपलं कर्तव्य आहे.

पिंजणाला आपल्या भागात एकदा फार मोठा मान मिळाला होता. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. काँग्रेसच्या सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत द्यावं ही अट तिथे मान्य झाली. सूत कातायचं तर पेळू हवेत आणि पेळूंसाठी कापूस पिंजलेला हवा. खादीच्या सुरुवातीला शोधलेल्या पिंजाऱ्याने महिना पस्तीस रुपये मागितले आणि ते आपल्याला मुळीच जास्त वाटले नाहीत, असं गांधीजींनी आत्मकथेत नमूद केलं आहे. पुढे बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांनी बेळगावजवळच्या हुदलीला खादीचं काम उभं केलं, आणि १९३७ साली गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी गांधीजी हुदलीला येऊन राहिले. ज्या धनुष्याकडे लोक हलकं काम म्हणून पाहत होते ते शिकलेल्यांनी हातात घेतलं, ते या मातीत. उशीच्या पुस्तकात हा इतिहास मला मुद्दाम आणावासा वाटला.

कापूसही पूर्वीचा राहिला नाही. बैलहोंगल, सौंदत्ती आणि पलीकडचं धारवाड हा कापसाचा जुना टापू. इथला देशी कापूस आखूड आणि जाडसर धाग्याचा. सुताला तो कमी प्रतीचा ठरे, पण उशीत त्याच्याइतका चांगला दुसरा नाही, कारण जाड तंतू दाबला तरी परत उभा राहतो. १९७२ साली धारवाडच्या संशोधन केंद्रात डॉ. बी. एच. कटारकी यांनी 'वरलक्ष्मी' हा संकरित वाण दिला. लांब आणि तलम धाग्याचा हा कापूस शेतकऱ्याला आणि गिरणीला फायद्याचा ठरला. नंतर बीटी कापूस आला. देशी वाण मागे पडले आणि उशीत भरायला पुष्कळदा गिरणीतला टाकाऊ कापूस येऊ लागला. तो तुटक्या तंतूंचा असतो, म्हणून वर्षभरात बसतो आणि उशी दगडासारखी होते. हल्लीची कापसाची उशी टिकत नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यात दोष कापसाचा नाही, या टाकाऊ भरणाचा आहे. घेताना खोळीचा कोपरा उसवून आतला कापूस बोटांत ओढून बघावा. तंतू लांबत सुटले तर चांगलं, भुगा हातात आला तर परत द्यावं.

याच पोकळीत फायबरची उशी शिरली. पांढरीशुभ्र, हलकी, प्लॅस्टिकच्या पिशवीतून फुगून बाहेर येणारी. दुकानदार तिला रेक्रॉनची उशी म्हणतो, कंपनी कुठलीही असो. आत पॉलिएस्टरचे पोकळ, कुरळे तंतू असतात. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, म्हणून ती धुता येते आणि लवकर वाळते. दुसऱ्या बाजूने पॉलिएस्टरला तेल धरून ठेवायची खोड आहे. आपल्याकडे डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची सवय. ते तेल आणि घाम अभ्र्यातून झिरपून आतल्या तंतूवर बसतात आणि उन्हाने जात नाहीत. जुनं तेल खवट होतं, उशी पिवळी पडते, डाग वरपर्यंत येतात. कापसाच्या उशीला जे ऊन पुरत होतं ते हिला पुरत नाही. हिला साबण-पाणीच हवं. आणि नेमकं तेच आपण करत नाही, कारण "उशी धुतात व्हय?"

उशीत काय साठतं याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली दाखवलं की घरातल्या धुळीची ॲलर्जी मुख्यतः एका अतिसूक्ष्म कोळिकिड्यामुळे होते. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव डस्ट माइट. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा हा जीव आपल्या गळलेल्या त्वचेच्या कणांवर जगतो. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच शोषतो, म्हणून कोरड्या हवेत मरतो आणि दमट हवेत फोफावतो. शिंका आणि दमा होतात ते मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनाने. हे प्रथिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे धुण्याने निघतं. किडा मरायला मात्र पाणी ६० अंश सेल्सियस गरम लागतं. पुढे मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते वीस वर्षं वापरलेल्या दहा उशा तपासल्या. प्रत्येकीत चार ते सोळा जातींच्या बुरशी सापडल्या, आणि पिसांच्या उशांपेक्षा कृत्रिम तंतूंच्या उशांत जाती अधिक होत्या. त्यांतली अ‍ॅस्परजिलस फ्यूमिगेटस ही बुरशी दमेकऱ्याला आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला घातक ठरू शकते. घाबरून जायचं कारण नाही. निरोगी माणूस या सगळ्यासोबत आयुष्यभर झोपतो. पण घरात दम्याचं पोर असेल, कर्करोगाचे उपचार चालू असलेलं माणूस असेल, तर उशीची निगा औषधाइतकी गंभीरपणे घ्यावी.

परटाच्या भट्टीची किंमत इथे कळते. धुण्याच्या सोड्यात भिजवलेले अभ्रे आणि चादरी परीट भट्टीवर चढवून वाफवत असे. त्या वाफेत कुठलाही कोळिकिडा, ऊ किंवा खरजेचा किडा जगत नसे. सूक्ष्मजीवशास्त्र गावात पोहोचण्याआधीच गावाचं निर्जंतुकीकरण चालू होतं, आणि ते करणाऱ्याला आपण बलुत्याच्या पलीकडे फारसं काही दिलं नाही. १८९६ ला मुंबईत शिरलेला प्लेग पुढे बेळगाव-धारवाडपर्यंत आला तेव्हा सरकारने रोग्यांची अंथरुणं जाळायला लावली. अंथरुणातून रोग पसरतो ही भीती त्या पिढीच्या मनात खोलवर बसली. गेलेल्या माणसाची गादी-उशी घरात न ठेवण्याची रूढी त्याहून जुनी आहे, पण प्लेगने तिला नवा अर्थ दिला.

आता हवेबद्दल, कारण एकाच जिल्ह्यात उशीची निगा वेगवेगळ्या तऱ्हांनी करावी लागते आणि पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतल्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पश्चिमेला खानापूरकडचं जांबोटी-कणकुंबी म्हणजे घाटमाथा. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन दिसणं मुश्कील. बेळगाव शहरात पाऊस त्याहून कमी, पण भुरभूर दिवसभर असते आणि भिंती ओल धरतात. निपाणी-चिकोडीकडे उघडीप जास्त. अथणीला तर पावसाचीच वाट पाहायची. म्हणून अथणीकरांनी उशी महिन्या-दोन महिन्यांनी कधीही धुवावी. खानापूरच्या घरात मात्र जूनपासून दसऱ्यापर्यंत उशी धुवायला काढूच नये. अर्धवट वाळलेली उशी न धुतलेल्या उशीहून वाईट. पावसाळ्यात तिथे एकच काम करायचं. अभ्रे दोन-तीन दिवसांनी बदलायचे, आणि बदललेला अभ्रा गरम इस्त्रीने कोरडा करून चढवायचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर बांबूची बुट्टी पालथी घालून लंगोट वाळवायची आपली पद्धत आहे. बाळाची छोटी उशीही काही घरांत त्याच उबेला धरतात. ऊब द्यावी, पण वावडिंग-ओव्याचा धूर उशीला देऊ नये. तो तंतूत अडकतो आणि रात्रभर बाळाच्या नाकाशी राहतो.

निपाणीच्या उशीची एक वेगळीच गोष्ट आहे. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. वखारींत तंबाखू चाळण्या-निवडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. त्यांच्या कामाच्या परिस्थितीवर आणि संघर्षावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट गटाने १९८२ साली माहितीपट केला. तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी १९८१ साली केलेलं आंदोलन आणि त्यातला गोळीबार सगळ्यांना आठवतो, वखारीतली धूळ मात्र कमी जणांना. ती धूळ केसांत बसते, केसांतून उशीत जाते, आणि त्याच उशीवर आईशेजारी पोर झोपतं. वखारीत किंवा विड्या वळायला जाणाऱ्या घरांनी एवढं करावं: कामावर डोक्याला घट्ट फडकं बांधावं, घरी आल्यावर ते बाहेरच झटकून वेगळं भिजवावं, केस विंचरून किंवा ओल्या कापडाने पुसून मग अंथरुणाला टेकावं, आणि पोराची उशी कायम वेगळी ठेवावी. अभ्र्याच्या आत चेन लावलेली दुसरी घट्ट विणीची खोळ असेल तर धूळ उशीपर्यंत फारशी पोहोचत नाही. ही खोळ शिंपी थोड्या पैशांत शिवून देतो. या पुस्तकातली एकच सूचना पाळायची असेल तर मी हीच पाळायला सांगेन.

फायबरची उशी धुण्याची रीत पुढच्या प्रकरणांत तपशिलाने येईल. इथे फक्त मर्म. मशीनमध्ये दोन उशा एकत्र घालाव्यात म्हणजे भार सारखा पडतो. साबण नेहमीच्या निम्माच, कारण आतला साबण निघता निघत नाही आणि उरलेला साबण धूळ ओढतो. पाणी लेबलावर चालत असेल तितकं गरम, आणि शेवटी एक खळबळ जादा. मशीन नसेल तर मोठ्या टबात कोमट पाण्यात पायाने हळूहळू तुडवावी. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. डागावर आधी खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून ठेवली तर तेल सुटायला मदत होते. यात पाणी बरंच जातं आणि बेळगावच्या गृहिणीला ते आधी मोजावं लागतं. २००८ पासून शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी आलं, पण बाकी भागांनी पुढे कैक वर्षं दिवसाआड, आठवड्याआड नळाची वाट पाहिली. शेवटच्या खळबळीचं पाणी साठवून फरशीला वापरता येतं.

धुण्यापेक्षा वाळवण्याला जास्त जपावं. कडक उन्हाचे दोन पूर्ण दिवस धरावेत. उशी दोरीवर टांगू नये, सगळं फायबर खाली जमतं. खाटेवर किंवा जाळीवर आडवी ठेवावी, दर दोन-तीन तासांनी उलटवावी आणि हाताने थोपटून गोळे मोडावेत. वाळली का हे पाहायचं तर मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबून क्षणभर धरावं. हाताला गारवा लागला तर आत ओल आहे. फोमच्या आणि लॅटेक्सच्या उशीला यातलं काहीच लागू नाही. ती पाण्यात बुडवली की फाटते आणि कडक उन्हात चिरते. तिची फक्त खोळ धुवावी आणि उशी सावलीत वाऱ्याला ठेवावी.

सावरीच्या कापसाच्या उशीचा उल्लेख राहता कामा नये. खानापूरच्या रानात काटेसावर भरपूर. फाल्गुनात लाल फुलं आणि वैशाखाच्या सुमारास बोंडं फुटून कापूस उडू लागतो. हा तंतू मेणचट, पोकळ आणि अतिशय हलका. पाणी त्यात सहजी शिरत नाही, म्हणून उशी थंड आणि कोरडी राहते. मात्र तो ठिसूळ असल्याने पिंजताही येत नाही आणि धुताही येत नाही. ऊनही सकाळचं कोवळंच द्यावं. रानातून बोंडं आणणाऱ्या बायकांकडून कापूस घेतलात तर भाव करताना एवढं लक्षात ठेवा की एका उशीसाठी कितीतरी बोंडं सोलावी लागतात.

वाचकांना माझी एक विनंती आहे. यंदा घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या उशा एकदा अभ्र्याबाहेर काढा. फायबरची उशी मधोमध दुमडून सोडा. ती पुन्हा उलगडली नाही तर तिचं आयुष्य संपलं, डोक्याखालून काढा. उलगडली तर धुवा. कापसाची असेल तर टाकू नका, खोळ उसवा, ऊन द्या आणि तुमच्या भागात अजून पिंजून देणारा कुणी असेल तर त्याच्याकडे न्या. नवी फायबरची उशी आणण्यापेक्षा जुना कापूस पिंजून घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं, आणि पिंजणाऱ्याचं दुकान आणखी एक वर्ष उघडं राहतं.